नेरळला गाडी बदलावी लागते

मुंबईहून माथेरानला निघालेला माणूस नेरळला उतरतो. उतरावंच लागतं. कर्जत लोकलच्या दोन रुळांमधलं अंतर साडेपाच फूट, आणि शेजारी उभ्या असलेल्या डोंगरगाडीचं दोन फूट. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने हा मार्ग सुरू केला. तेव्हापासून आजवर लोकलचा एकही डबा त्या रुळांवर चढलेला नाही. माणूस चढतो, त्याची बॅग चढते, लेकराच्या हातातला फुगासुद्धा चढतो. डबा मात्र तसाच कर्जतकडे निघून जातो. यात कुणाला अपमान वाटत नाही. नेरळपर्यंतचा प्रवास वाया गेला असंही कुणी म्हणत नाही. पुढचं तिकीट वेगळं काढायचं, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात या तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक मुलगा होता. चोवीस-पंचवीसचा असेल. माथेरानच्या एका हॉटेलात हिशेब लिहायला होता आणि एक दिवसाची सुट्टी काढून मुंबईला जाऊन परत चालला होता. हातात बटणाची प्लास्टिक फाइल. ती तो सारखी छातीशी धरत होता, म्हणून मीच विचारलं. आत आठ सत्रांच्या आठ गुणपत्रिका होत्या, प्रत्येक लॅमिनेट केलेली. वडील नगर जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीचे पाळक. बारावीनंतर वडिलांनी त्याला परराज्यातल्या एका बायबल कॉलेजात घातलं. चार वर्षं राहून तो ‘बी.टीएच.’ म्हणजे ईश्वरविद्येची पदवी घेऊन आला. गुणपत्रिकेवर प्रत्येक विषयापुढे क्रेडिट छापलेले होते: जुन्या कराराची ओळख, मंडळीचा इतिहास, उपदेशशास्त्र, समुपदेशन, समाजशास्त्राची मूलतत्त्वं, ग्रीक भाग एक, ग्रीक भाग दोन. त्याला समाजशास्त्रात एम.ए. करायचं होतं. विद्यापीठाच्या पात्रता विभागातल्या बाईंनी यादीत बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं आणि फाइल खिडकीतून परत दिली. ती संस्था यादीत नव्हती.

“म्हणजे काका, कागदावर मी बारावीच,” तो म्हणाला.

त्याचं ऐकून मला आधी खिडकीवरच्या बाईंचा राग आला. गाडी जुम्मापट्टीला पोचेपर्यंत तो त्या कॉलेजकडे वळला. वॉटर पाइपच्या पुढे गाडी चढाला लागली, तसा माझा मीच गोंधळलो. त्या गोंधळातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

क्रेडिट हा शब्द आपल्याकडे आता रोजचा झाला आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तो घरोघरी नेला. २०२१ च्या जुलैत विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, क्रेडिटची बँक काढली. विद्यार्थ्याने मिळवलेले क्रेडिट तिथे जमा करायचे, एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना सोबत न्यायचे आणि साधारणपणे सात वर्षांच्या आत वापरायचे. पंधरा तासांच्या तासिका म्हणजे एक क्रेडिट, असा ढोबळ हिशेब आहे. बँक, जमा, खाते हे शब्द ऐकले की वाटतं क्रेडिट म्हणजे नाणं आहे; खिशात टाकलं की कुठल्याही दुकानात चालावं. मुलालाही तसंच वाटलं होतं. त्याच्या गुणपत्रिकेवर ग्रीकपुढे चार हा आकडा छापलेला होता. चार म्हणजे चारच ना?

नव्हे. क्रेडिट ही हुंडी आहे. जुन्या पेढीची हुंडी जशी लिहिणाऱ्याच्या पतीवर चालायची, तसं हे आहे. नाशिकच्या सावकाराने लिहिलेली हुंडी सुरतेला वटली, तर ती सुरतेच्या पेढीचा नाशिकच्या पेढीवर भरवसा होता म्हणून. ज्याच्या हातात हुंडी होती, त्याच्या प्रामाणिकपणाचा तिथे प्रश्नच नव्हता. मुलाने साठ तास बसून ग्रीक घोकलं यात शंका नाही. प्रश्न इतकाच, की चार हा आकडा ज्याने लिहिला त्याला कोण ओळखतं.

ओळखण्याची ही सगळी यंत्रणा कुठून आली याची गोष्ट मजेची आहे. १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी या पोलाद-कारखानदाराने अमेरिकेतल्या प्राध्यापकांना पेन्शन देण्यासाठी एक कोटी डॉलर काढून ठेवले. पेन्शन कुणाला द्यायची हे ठरवायचं तर आधी कॉलेज कशाला म्हणायचं हे ठरवणं आलं. मग हायस्कुलात अमुक तास शिकून आलेल्या मुलांनाच प्रवेश देणारी ती कॉलेजं, असं माप १९०६ च्या सुमारास ठरलं. त्याच तासांच्या मापातून पुढे क्रेडिटचा हिशेब वाढत गेला. म्हणजे ज्ञान मोजण्याची जी फूटपट्टी आज आपण वापरतो, ती म्हाताऱ्या मास्तरांच्या पेन्शनसाठी तयार झाली. आणि त्या पेन्शनला आणखी एक अट होती: चर्चच्या नियंत्रणाखालच्या कॉलेजांना ती मिळणार नव्हती. पेन्शनसाठी काही कॉलेजांनी चर्चशी असलेलं नातं सोडलं. क्रेडिट आणि सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, यांचं हे असं जुनं वैर आहे. त्याची मुळं ईश्वरविद्येत सापडत नाहीत, ती निवृत्तिवेतनाच्या नियमांत सापडतात.

भारतात ही गाठ आणखी घट्ट आहे. १९५६ च्या यूजीसी कायद्याचं बावीसावं कलम सांगतं, की पदवी देण्याचा हक्क फक्त केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. बाकी कुणी पदवी दिली तर ती पदवी नव्हे. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीची शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने दिला आहे. पण संस्था काढणं वेगळं आणि पदवी देणं वेगळं. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्यावर निकाल देताना नेमकी हीच रेघ मारली. कायदा वैध ठरला, मदरसे चालू राहिले, पण ‘कामिल’ आणि ‘फाजिल’ या पदवी-पदव्युत्तर पातळीच्या परीक्षांपुरता तो रद्द झाला, कारण तो भाग यूजीसी कायद्याच्या आड येत होता. मौलवी असो वा पाळक, सरकारी रूळ एकाच मापाचे आहेत.

मग भारतात ईश्वरविद्येची खरी, कायद्यात बसणारी पदवी कुठे मिळते? मुख्यतः बंगालमधल्या सेरामपूरला. आणि ती तिथे कशी मिळू लागली ही कथा मराठी वाचकाला परकी वाटू नये, कारण तिच्यात आपलाही एक धागा आहे. विल्यम केरी हा इंग्लंडातला जोडे शिवणारा माणूस. कॉलेजचं तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिलं नाही. याच केरीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मराठीचा कोश छापला आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या साहेबांना मराठी शिकवली. मार्शमन आणि वॉर्ड या सहकाऱ्यांबरोबर त्याने १८१८ मध्ये सेरामपूर कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या राजाचं होतं, म्हणून पदवी देण्याची सनद आली ती डेन्मार्कहून, १८२७ मध्ये. पुढे १८४५ मध्ये डॅनिश लोकांनी सेरामपूर इंग्रजांना विकलं, तेव्हा करारात कॉलेजचे हक्क शाबूत ठेवले. १९१८ मध्ये बंगालच्या कायदेमंडळाने त्यावर स्वतंत्र कायदा केला, आणि स्वातंत्र्यानंतरही तो टिकला. डॅनिश राजाची सही कंपनी सरकारने मानली, मग बंगालच्या कायद्याने मानली, मग प्रजासत्ताकाने. माझ्या माहितीतलं क्रेडिटचं सगळ्यात लांबचं हस्तांतर हेच. ते एका हक्काचं झालं आणि तीन राजवटींमधून झालं.

आज देशभरातल्या अनेक सेमिनऱ्या सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत. आपल्याकडे पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला आली. अशा ठिकाणी मुलगा शिकतो एका गावात, पण पदवीवर सही सेरामपूरची असते. म्हणजे हुंडी लिहिणारी पेढी ओळखीची.

पुण्यातच नगर रोडला दुसरा एक नमुना आहे. ज्ञानदीप विद्यापीठ. मूळ १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झालेली पोपची सेमिनरी १९५५ मध्ये पुण्याला आली, तिच्या पाठोपाठचं हे विद्यापीठ. इथल्या ईश्वरविद्येच्या पदव्यांना अधिकार मिळतो तो व्हॅटिकनकडून. व्हॅटिकन २००३ मध्ये युरोपातल्या उच्चशिक्षणाच्या बोलोन्या करारात सामील झालं. त्यामुळे पुण्यात मिळवलेली ईश्वरविद्येची परवाना-पदवी घेऊन एखादा तरुण रोममध्ये डॉक्टरेटला बसू शकतो. पण तीच पदवी घेऊन तो महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाच्या पात्रता विभागात गेला, तर खिडकीवरच्या बाई यादीत बोट फिरवू लागतील. रोमला चालतं ते नगर रोडच्या पलीकडे चालेलच असं नाही. यात फसवणूक कुणाचीच नाही. रोमचे रूळ वेगळे, इथले वेगळे, आणि ज्ञानदीपमध्ये जाणाऱ्या बहुतेकांना आपण कोणत्या गाडीत बसलो आहोत हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

त्या मुलाला ते ठाऊक नव्हतं. माझा खरा राग या गोष्टीचाच आहे. प्रवेशाच्या वेळी त्याला सांगितलं होतं, की आपली संस्था ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ आहे. हे दोन शब्द ऐकले की मी आता खिशाला हात लावून बघतो. मान्यता देणाऱ्या संस्था जगात पुष्कळ आहेत. काही चांगल्या आहेत. आशियातल्या इव्हँजेलिकल सेमिनऱ्यांची आशिया थिऑलॉजिकल असोसिएशन ही संघटना १९७० पासून काम करते, वाचनालय तपासते, शिक्षकांची पात्रता पाहते. पण तिची मान्यता ही बिरादरीची मान्यता आहे, सरकारची नव्हे. आणि काही मान्यतासंस्था अशाही असतात, की मान्यता देणारा आणि घेणारा एकाच खोलीत बसतो, फक्त लेटरहेड बदलतो. यूजीसीच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत विशाखापट्टणमचं बायबल ओपन युनिव्हर्सिटी ऑफ इंडिया आहे, गुंटूरचं ख्राइस्ट न्यू टेस्टमेंट डीम्ड युनिव्हर्सिटी आहे. आपण फार बोट दाखवू नये, कारण त्याच यादीत नागपूरचंही एक नाव आहे. आणि ही वृत्ती काही धर्माची मिरासदारी नाही. छत्तीसगडने २००२ मध्ये कायदा करून खासगी विद्यापीठांची खिरापत वाटली. शंभरावर विद्यापीठं कागदावर उगवली, काही एकेका खोलीत. २००५ मध्ये यशपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती खिरापत रद्द केली. तिथे देवाचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

म्हणून खिडकीवरच्या बाईंची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. आपण त्यांना लाल फितीची बाहुली समजतो. पण त्यांनी मुलाचे एकशेवीस क्रेडिट मान्य केले असते, तर उद्या त्याच खिडकीवर छत्तीसगडची खोली आणि विशाखापट्टणमचा फलक घेऊन पन्नास जण उभे राहिले असते. त्या पन्नासांत आणि या मुलात काय फरक आहे हे बाईंनी कसं ओळखावं? ग्रीक विचारून? त्यांना ग्रीक येत नाही. मलाही येत नाही. यादी ही अज्ञानातून आलेली सावधगिरी आहे, आणि अज्ञानी माणसाने सावध असणं हा दोष नव्हे.

पण यादी हे शेवटचं उत्तर मानलं की काय होतं, हेही आपल्याच मातीत दिसतं. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं, तेव्हा ते कुठल्या यादीत होतं? त्यांनी पदव्यांना ‘गृहीतागमा’ आणि ‘प्रदेयागमा’ अशी नावं दिली. शिक्षणाचं माध्यम मातृभाषा होतं, अभ्यासक्रम बायकांच्या आयुष्याकडे बघून बेतलेला होता. सरकारने त्या पदव्या मानल्या नाहीत. कायद्याची मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी. या पस्तीस वर्षांत ज्या बायका गृहीतागमा झाल्या, त्या काय शिकल्या नव्हत्या? कर्व्यांनी पदवीचं नाव बदललं, ही त्यांची चलाखी मला फार आवडते. बी.ए. म्हणाल तर मुंबई विद्यापीठ विचारेल, कुणाची बी.ए.? गृहीतागमा म्हणाल तर आधी अर्थच विचारावा लागतो, आणि तो सांगण्याची संधी मिळते. आजच्या बायबल कॉलेजांनी ही युक्ती घ्यायला हवी होती. आपल्या चार वर्षांच्या शिक्षणाला बी.टीएच. हे सरकारी वळणाचं नाव देण्याऐवजी स्वतःचं नाव दिलं असतं, तर निदान मुलगा एम.ए.च्या खिडकीत उभा राहिला नसता.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची ती पाठशाळा. तिच्या नावावर कुठल्याही विद्यापीठाची मान्यता नव्हती. लक्ष्मणशास्त्री जोशी तिथे शिकले आणि १९२३ मध्ये कलकत्त्याची तर्कतीर्थ परीक्षा देऊन आले. कृष्णेच्या काठी शिकायचं आणि हुगळीच्या काठी तपासून घ्यायचं. कलकत्त्याने वाईला विचारलं नाही, की तुमच्याकडे तासिका किती आणि वाचनालयात ग्रंथ किती. त्यांनी मुलाला न्यायशास्त्राचे प्रश्न विचारले. मुलाने उत्तरं दिली. पुढे तेच तर्कतीर्थ मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले.

ही वाट मी धरतो. क्रेडिट वाहून नेण्याचा हट्ट सोडावा आणि माणसाला तपासावं. पाठवणारी संस्था मान्यताप्राप्त नसेल तर तिचा आकडा घेऊ नका. पण आकडा नाकारताना समोरच्या माणसाला येत असलेलंही नाकारू नका. समाजशास्त्राची मूलतत्त्वं त्याला येतात म्हणतो? मग द्या त्याला पहिल्या वर्षाची प्रश्नपत्रिका. यासाठी नवा कायदा लागत नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीकडे नेलं, म्हणजे आधीची प्रमाणपत्रं न मागता परीक्षा घेऊन आत घेतलं. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यातही आधी शिकलेल्याला, कामातून आलेल्या अनुभवाला क्रेडिट देण्याचं तत्त्व मान्य केलेलं आहे. तत्त्व मान्य आहे. खिडकीपर्यंत ते पोचलेलं नाही, आणि पोचायला किती पावसाळे लागतील याचा अंदाज माथेरानच्या गाडीसारखाच बेभरवशाचा आहे.

आक्षेप येतो, की अशी परीक्षा घेणं महाग आहे. एकट्या मुलासाठी कोण प्रश्नपत्रिका काढणार? कबूल. पण त्याची चार वर्षंही कुणीतरी विकत घेतलेली असतात. वडिलांच्या मंडळीतल्या लोकांनी, ज्यांतले बरेच ऊस तोडायला आणि बांधकामावर जाणारे, वर्गणी काढून त्याची फी भरली होती. शून्य क्रेडिटची किंमत त्या लोकांनीही मोजली आहे. विद्यापीठाने एका प्रश्नपत्रिकेचा खर्च वाचवला, पण तो खर्च संपला नाही. फक्त शेतमजुराच्या अंगावर गेला.

अमेरिकेत ही भांडणं वेगळ्या टोकाला गेली. टेक्सासमध्ये टिंडेल नावाच्या एका लहान सेमिनरीला राज्याच्या शिक्षणमंडळाने एक लाख त्र्याहत्तर हजार डॉलरचा दंड केला. कारण मान्यता नसताना सेमिनरी हा शब्द वापरला आणि पदव्या दिल्या. २००७ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दंड उडवला. धर्मगुरू कसा घडवावा याचं माप सरकारने ठरवू नये, असं त्याचं सार. मला तो निकाल अर्धा पटतो. ग्रीक किती शिकवावं आणि कुणाकडून शिकवावं यात सरकारने नाक खुपसू नये, हे खरं. आपल्याकडच्या एका बाईचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं. पंडिता रमाबाईंनी कुठल्याही सेमिनरीची पदवी घेतली नव्हती. त्या ग्रीक आणि हिब्रू शिकल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, आणि तिथल्याच छापखान्यात बायकांनी ते जुळवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या. ग्रंथ त्यांच्या मागून बाहेर आला. त्याआधी, इंग्लंडातल्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर बिशपांनी आक्षेप घेतला होता. मान्यता देणारे नेहमी विद्येकडेच बघतात असं नाही. कधीकधी ते लुगड्याकडे बघतात. तेव्हा सरकार असो की बिशप, माप ठरवणाऱ्याच्या हाताकडे लक्ष ठेवलं पाहिजे.

पण टेक्सासचा निकाल अर्धाच पटतो. सेमिनरीला मोकळीक हवी असेल, तर तिने तिकिटावर स्पष्ट छापावं, की ही गाडी कुठवर जाते. प्रवेशअर्जाच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, मातृभाषेत: या पदवीवर सरकारी नोकरी मिळणार नाही, विद्यापीठात पुढचा प्रवेश मिळणार नाही, आमच्या पंथाच्या मंडळ्यांत पाळक होता येईल. इतकं लिहूनही जो मुलगा येईल, तो खरा येईल. बहुतेक कॉलेजं हे लिहीत नाहीत, कारण लिहिलं तर निम्मी बाकं रिकामी राहतील अशी भीती असते. ज्या धर्माच्या पुस्तकात सत्य बोलण्यावर इतका भर आहे, त्या धर्माच्या माहितीपत्रकात या एका वाक्याला जागा नसावी, हे मला अजून कळलेलं नाही.

आता उलटी बाजू. ती फार कुणी बोलत नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठातून सेमिनरीकडे जाताना काय होतं? संस्कृत किंवा तत्त्वज्ञानात बी.ए. झालेला मुलगा सेमिनरीत गेला, तर काही ठिकाणी त्याचे क्रेडिट हात जोडून घेतात. आणि काही ठिकाणी तर त्याने रविवारच्या शाळेत किती वर्षं शिकवलं, किती शिबिरं केली याचेही क्रेडिट लावून देतात. वर्षाचा कोर्स चार महिन्यांत. ही उदारता मला विद्यापीठाच्या कंजूषपणापेक्षा जास्त घातक वाटते. विद्यापीठ कंजूषपणा करतं तेव्हा निदान कुणाची तरी पदवी फुगत नाही.

शिवाय सेमिनरीकडे विद्यापीठाचे क्रेडिट नाकारण्याचं एक खरंखुरं कारण असतं, आणि ते तिने ताठ मानेने सांगावं. पाळक फक्त तासिकांतून घडत नाही. पहाटेची प्रार्थना, एका खोलीत चौघांनी राहणं, पाळीने भांडी घासणं, रविवारी खेड्यातल्या मंडळीत जाऊन उपासना घेणं, मयताच्या घरी गप्प बसायला शिकणं. याचे क्रेडिट कुठल्या गुणपत्रिकेवर लिहिणार? विद्या एका संस्थेतून दुसरीत जाऊ शकते. घडण जात नाही. त्या मुलाने सांगितलेल्या सगळ्यात मला हेच लक्षात राहिलं, की तिसऱ्या वर्षात एका लहान मुलाच्या दफनाला त्याला एकट्याला पाठवलं होतं, आणि पाठ केलेलं काहीच आठवलं नाही म्हणून तो आईशेजारी मातीत बसून राहिला. या विषयाचे त्याला तीन क्रेडिट मिळाले होते.

अमन लॉजला आम्ही उतरलो. तिथून दस्तुरी नाका जवळच. माथेरानात पेट्रोलच्या गाड्यांना बंदी आहे, तेव्हा कुणाची कितीही मोठी मोटार असली तरी ती इथेच उभी राहते आणि पुढचं घोड्यावर, पायी किंवा शटलने. दस्तुरी या शब्दाचा एक अर्थ वहिवाटीने घेतली जाणारी रक्कम असाही आहे, आणि गंमत म्हणजे नगरपरिषदेचा प्रवासी करही याच वेशीवर भरायचा असतो. एक घोडेवाला दोन्ही बाजूंना गॅसचे सिलिंडर लटकवून निघाला होता. सिलिंडर खालून टेम्पोतून आले, इथे उतरले, घोड्यावर चढले. टेम्पो आत आला नाही, गॅस आला.

मुलाने हातातली फाइल पुन्हा उघडली आणि एक कागद बाहेर काढला. एम.ए. नाही तर नाही, त्याने एका कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं होतं. बारावीनंतर चार-पाच वर्षं गेलेली, म्हणून कॉलेजने गॅप सर्टिफिकेट मागितलं. म्हणजे स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र. त्याचा छापील मजकूर ठरलेला असतो: सदर कालावधीत मी कोणत्याही संस्थेत शिक्षण घेतलेले नाही, हे सत्य प्रतिज्ञेवर सांगतो. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने तो तसाच टाइप करून दिला होता.

“ते मला सही करता येईना,” तो म्हणाला. “खोटं कसं लिहू? चार वर्षं बसलो होतो ना तिथे.”

मग त्याने टायपिस्टला परत बसवलं आणि ‘कोणत्याही’च्या पुढे ‘मान्यताप्राप्त’ हा एक शब्द घालून घेतला. टायपिस्ट म्हणाला, एका शब्दाने काय फरक पडतो, कॉलेजात कुणी वाचत नाही. तरी पान नव्याने टाइप करावं लागलं. त्याचे वीस रुपये त्याने वेगळे घेतले.